पॉलिप आणि कर्करोग : मोठ्या आतड्याच्या विकृतिशास्त्रातील एका वादाचा इतिहास

प्रस्तावना

मोठ्या आतड्याच्या आतील श्लेष्मल त्वचेवर उगवून पोकळीच्या दिशेने वाढणाऱ्या मांसल उंचवट्यास वैद्यकशास्त्रात पॉलिप म्हणतात. हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ 'अनेक पायांचा' असा आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांनी तो प्रथम नाकातील वाढीसाठी वापरला. पुढे शरीराच्या कोणत्याही पोकळीत लोंबणाऱ्या वाढीस तेच नाव मिळाले. म्हणजे पॉलिप हा शब्द केवळ आकार सांगतो, वाढीचे स्वरूप सांगत नाही. दाहामुळे आलेली सूज, निरुपद्रवी पेशीवाढ आणि कर्करोगाची पूर्वावस्था या तिन्हींना एकच नाव मिळाल्यामुळे पुढील दोन शतकांत बराच वैचारिक गोंधळ निर्माण झाला.

या विषयात आज दोन विधाने सर्वमान्य आहेत. पहिले असे की, बहुसंख्य पॉलिपांचे कर्करोगात रूपांतर होत नाही. दुसरे असे की, मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या बहुसंख्य कर्करोगांचा उगम मात्र एखाद्या पॉलिपातच झालेला असतो. ही विधाने वरवर पाहता परस्परविरोधी वाटतात, प्रत्यक्षात ती एकाच वेळी खरी आहेत. पहिल्यावरच भर दिला तर टाळता येण्याजोगा कर्करोग हातचा निसटतो. दुसऱ्यावरच भर दिला तर निरोगी माणसांवर अनावश्यक शस्त्रक्रिया होतात. या दोन्ही चुका इतिहासात घडल्या असून त्यांची किंमत रुग्णांनी मोजली आहे.

हा प्रश्न सुटण्यास विलंब का लागला, याचे कारण त्याच्या स्वरूपातच होते. पॉलिप कोणत्या प्रकारचा आहे हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. परंतु त्यासाठी तो कापून काढावा लागतो, आणि कापलेल्या पॉलिपाचे पुढे काय झाले असते हे कोणालाही सांगता येत नाही. याउलट, जो पॉलिप आतड्यात राहू दिला त्याचे भवितव्य कळू शकते, पण प्रारंभी तो नेमका कसा होता हे अज्ञात राहते. त्यामुळे प्रत्यक्ष पुराव्याची वाट जवळजवळ बंद होती. अप्रत्यक्ष पुराव्यांच्या आधारे हे ज्ञान कसे उभे राहिले, त्याला कोणी व का विरोध केला आणि त्या विरोधातून काय निष्पन्न झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१. शवविच्छेदन ते सूक्ष्मदर्शक

आतड्यातील पॉलिपांची जुनी वर्णने शवविच्छेदनाच्या टेबलावरील आहेत. १७२१ मध्ये मेन्झेल याने आतड्यातील अनेक पॉलिपांचे वर्णन केल्याचा उल्लेख वैद्यकीय इतिहासात केला जातो. अशी वर्णने दीर्घकाळ एक नवल म्हणूनच नोंदली गेली. जिवंत रुग्णात बोटाने चाचपता येईल तेवढाच गुदाशयाचा भाग वैद्याच्या आवाक्यात होता. १८९५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील हॉवर्ड केली यांनी ताठ नळीची दुर्बीण प्रचारात आणली, तेव्हा कोठे गुदाशय व त्यालगतचा आतड्याचा भाग डोळ्यांनी पाहता येऊ लागला.

दरम्यान रूडॉल्फ फिर्खो यांनी १८५८ मध्ये पेशीविकृतीचा सिद्धांत मांडला आणि रोगाचे अधिष्ठान पेशीत शोधण्याची दृष्टी दिली. आतड्यातील पॉलिपांकडे सूक्ष्मदर्शकातून पाहणे सुरू झाले, तरीही दाहजन्य वाढ व ग्रंथीच्या पेशींची स्वतंत्र वाढ, म्हणजे ॲडेनोमा, यांतील भेद स्पष्ट होण्यास आणखी काही दशके लागली.

१८८२ मध्ये लंडनमधील शल्यविशारद विल्यम हॅरिसन क्रिप्स यांनी एकाच कुटुंबातील दोघा भावंडांच्या गुदाशयात असंख्य पॉलिप आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. ही नोंद लहान असली तरी तिच्यामुळे प्रश्नाची दिशा बदलली. पॉलिप ही केवळ स्थानिक विकृती नसून ती कुटुंबात उतरू शकते, हे प्रथमच सूचित झाले. त्यानंतरच्या दशकांत अशा कुटुंबांची आणखी वर्णने आली आणि त्यांतील अनेक रुग्ण तरुण वयातच आतड्याच्या कर्करोगाने दगावल्याचे दिसू लागले.

२. सेंट मार्क्स रुग्णालय आणि कुटुंबांची नोंदवही

या विखुरलेल्या नोंदींना शास्त्राचे रूप देण्याचे काम लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात झाले. फ्रेडरिक सॅमन यांनी १८३५ मध्ये अवघ्या सात खाटांनिशी ही संस्था सुरू केली होती. ती केवळ गुदाशय व आतड्याच्या विकारांसाठी असल्यामुळे इतरत्र क्वचित दिसणारे रुग्ण तेथे मोठ्या संख्येने एकत्र येत. १९२२ मध्ये कथबर्ट ड्यूक्स तेथे विकृतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. १९२४ मध्ये एच. जे. आर. बसी हा सतरा वर्षांचा मुलगा प्रयोगशाळेत सहायक म्हणून आला. त्याच सुमारास रुग्णालयाचे शल्यविशारद जॉन पर्सी लॉकहार्ट-ममरी यांनी पॉलिपग्रस्त कुटुंबांची माहिती गोळा करण्यास प्रारंभ केला. १९२५ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात अशा तीन कुटुंबांचे विवेचन प्रसिद्ध केले.

येथून पुढे सेंट मार्क्सची पॉलिपग्रस्त कुटुंबांची नोंदवही वाढत गेली. रुग्ण आला की त्याच्या आईवडिलांची, भावंडांची व मुलांची विचारपूस करायची, वंशवृक्ष काढायचा, हयात नातेवाइकांना तपासणीस बोलवायचे आणि वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा ठेवायचा, अशी ही पद्धत होती. तिला महागड्या साधनांची गरज नव्हती. गरज होती ती चिकाटीची आणि नोंदी जपून ठेवण्याच्या शिस्तीची. बसी यांनी हे काम आयुष्यभर केले आणि १९७५ मध्ये कौटुंबिक पॉलिपविकारावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या नोंदींतून विकाराचे चित्र स्पष्ट झाले. बाधित व्यक्तीच्या आतड्यात साधारणतः किशोरवयापासून शेकडो, काही वेळा हजारो ॲडेनोमा उगवतात. उपचार न केल्यास मध्यम वयापर्यंत त्यांपैकी एखाद्यात कर्करोग उद्भवणे जवळजवळ अटळ असते. बाधित पालकाच्या प्रत्येक अपत्यास हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. रोगाची चाहूल लागण्यापूर्वीच आतडे काढून टाकण्याची प्रतिबंधक शस्त्रक्रिया या माहितीमुळेच समर्थनीय ठरली. स्वतःला पूर्णपणे निरोगी समजणाऱ्या तरुणास एवढी मोठी शस्त्रक्रिया सुचविणे हे साधे काम नव्हते. वंशवृक्षाचा भक्कम आधार नसता तर असा सल्ला देणे शक्यच झाले नसते.

ड्यूक्स यांनी १९२६ मध्ये साध्या अर्बुदांचा कर्करोगाशी असलेला संबंध स्वतंत्र लेखात मांडला. ॲडेनोमा व कर्करोग यांच्यामधल्या संक्रमणाच्या पायऱ्या एकाच नमुन्यात दिसतात, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. १९३२ मध्ये त्यांनी गुदाशयाच्या कर्करोगाचे 'ए', 'बी' व 'सी' अशा तीन टप्प्यांत वर्गीकरण केले. तेच पुढे त्यांच्या नावाने जगभर वापरले गेले. कर्करोग पायरीपायरीने पुढे सरकतो, ही कल्पना या दोन्ही कामांमागे होती.

तरीही एक मूलभूत आक्षेप शिल्लक होता. आनुवंशिक विकार असलेल्या कुटुंबांत जे घडते, तेच सर्वसामान्य माणसाच्या आतड्यातील एकुलत्या एका पॉलिपाच्या बाबतीत घडते असे का मानावे? या आक्षेपातूनच पुढील वाद उभा राहिला.

३. विरोधी मताचा उदय

१९५१ मध्ये अमेरिकेतील जॅकमन व मेयो यांनी 'ॲडेनोमा-कर्करोग क्रम' हा शब्दप्रयोग आपल्या लेखाच्या शीर्षकात वापरला. त्याच वर्षी एल्डन गार्डनर यांनी यूटा राज्यातील एका कुटुंबाचा आनुवंशिक अभ्यास प्रसिद्ध केला. या कुटुंबात आतड्यातील पॉलिप व कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या आढळत होते. पॉलिप दिसला की तो काढलाच पाहिजे, या मताचा त्या काळी जोर वाढला. गुदाशयातील पॉलिप ताठ नळीतून काढता येई. परंतु वरच्या भागातील पॉलिपासाठी पोट उघडून आतड्यास छेद द्यावा लागे, क्वचित आतड्याचा मोठा भागही काढला जाई. अशा शस्त्रक्रियेत मृत्यूचा धोका नगण्य नव्हता.

या पार्श्वभूमीवर १९५८ मध्ये स्प्रॅट, ॲकरमन व मॉयर यांनी प्रचलित मतास आव्हान दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : पॉलिप व कर्करोग यांची आतड्यातील वाटणी एकसारखी नाही, अगदी लहान कर्करोगांतही मूळच्या पॉलिपाचे अवशेष आढळत नाहीत, आणि पॉलिप इतके सर्रास आढळतात की ते सर्व धोकादायक असते तर कर्करोगाचे प्रमाण आहे त्याहून कितीतरी अधिक असते. १९६२ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील बेंजामिन कॅसलमन व क्रिकस्टीन यांनी तर ॲडेनोमाचे रूपांतर कर्करोगात होते काय, हाच प्रश्न शीर्षकात विचारला. पूर्वी प्रसिद्ध झालेली उदाहरणे पुन्हा तपासून त्यांनी बहुतेक दावे अमान्य केले. केसाळ पृष्ठभागाचा, विस्तृत तळाचा 'व्हिलस' प्रकार धोकादायक असल्याचे त्यांना मान्य होते. देठावर लोंबणारा सामान्य ॲडेनोमा मात्र त्यांच्या मते जवळजवळ निरुपद्रवी होता.

हा विरोध केवळ हटवादीपणाचा होता असे मानणे अन्यायाचे ठरेल. त्यामागे रुग्णहिताची रास्त चिंता होती. पॉलिपाच्या धोक्यापेक्षा तो काढण्याचा धोका अधिक असेल तर शस्त्रक्रिया कशासाठी, हा त्यांचा प्रश्न योग्यच होता. शिवाय या वादामुळे 'कर्करोग' कशास म्हणावे हे निश्चित करणे भाग पडले. पॉलिपाच्या पृष्ठभागावरील पेशी कितीही विकृत दिसल्या, तरी श्लेष्मल त्वचेच्या तळाशी असलेला स्नायूचा पातळ पदर त्यांनी ओलांडला नसेल तर रोग अन्यत्र पसरत नाही. पदर ओलांडल्यानंतरच खऱ्या अर्थाने आक्रमक कर्करोग सुरू होतो. ही सीमारेषा मान्य झाल्यावर जुन्या वादाचा मोठा भाग शब्दांचा होता, हे ध्यानात आले. १९८५ मध्ये हॅगिट यांनी देठाच्या पॉलिपात कर्करोग किती खोल गेला आहे याच्या पातळ्या निश्चित केल्या. त्यामुळे पॉलिप काढणे पुरेसे आहे की आतड्याचा भागही काढावा लागेल, हे ठरविण्यास आधार मिळाला.

४. मॉर्सन आणि धोक्याचे श्रेणीकरण

आक्षेपांना सविस्तर उत्तर दिले ते ड्यूक्स यांच्यानंतर सेंट मार्क्सच्या विकृतिशास्त्र विभागाची धुरा वाहणाऱ्या बेसिल मॉर्सन यांनी. लहान कर्करोगात पॉलिपाचे अवशेष का दिसत नाहीत, या प्रश्नावर त्यांचे उत्तर असे होते की, वाढणारा कर्करोग आपल्या मूळ ॲडेनोमास गिळून टाकतो. त्याचा पडताळा त्यांनी रुग्णालयातील नमुन्यांवरून दिला. कर्करोग जितका उथळ, तितके त्याच्या शेजारी ॲडेनोमाचे अवशेष सापडण्याचे प्रमाण अधिक. तो आतड्याची भिंत ओलांडून खोल गेला की हे अवशेष क्वचितच उरतात.

१९७५ मध्ये जपानी शल्यविशारद तेत्सुइचिरो मुतो, बसी व मॉर्सन यांनी सेंट मार्क्समध्ये अनेक वर्षांत जमलेल्या सुमारे अडीच हजार ॲडेनोमांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. एक सेंटिमीटरपेक्षा लहान ॲडेनोमांत आक्रमक कर्करोगाचे प्रमाण १.३ टक्के, एक ते दोन सेंटिमीटर आकारात ९.५ टक्के आणि दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या ॲडेनोमांत ४६ टक्के आढळले. रचनेनुसार पाहता नलिकाकार ॲडेनोमांत हे प्रमाण ४.८ टक्के, तर केसाळ प्रकारात ४०.७ टक्के होते.

या आकड्यांचे महत्त्व असे की, त्यांनी प्रश्नाचे स्वरूपच बदलले. 'पॉलिपाचा कर्करोग होतो की नाही' या होय-नाहीच्या प्रश्नाऐवजी 'कोणत्या पॉलिपाचा धोका किती' असा श्रेणीचा प्रश्न पुढे आला. आकार, पेशींची रचना आणि पेशीविकृतीची तीव्रता हे तीन निकष त्यातून स्थिर झाले. स्प्रॅट व कॅसलमन यांच्या म्हणण्यातील सत्यांशही त्यामुळे सुरक्षित राहिला, कारण लहान नलिकाकार पॉलिपांचा धोका खरोखरच अल्प होता. मात्र हे आकडे काढून तपासलेल्या नमुन्यांचे होते. ज्या रुग्णांना त्रास झाला तेच रुग्णालयात आले असल्यामुळे समाजातील सर्व पॉलिपांना ते जसेच्या तसे लागू करणे योग्य नाही, ही मर्यादाही लक्षात घ्यावी लागते.

५. लवचीक दुर्बीण : तपासणी आणि उपचार एकाच वेळी

हा तात्त्विक वाद चालू असतानाच तंत्रज्ञानाने परिस्थिती पालटली. १९५४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील हॅरल्ड हॉपकिन्स व पंजाबातील मोगा येथे जन्मलेले भारतीय भौतिकशास्त्रज्ञ नरिंदर सिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेणाऱ्या लवचीक साधनाचे वर्णन 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले. त्यातून प्रेरणा घेऊन बेसिल हर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये जठर पाहण्याची लवचीक दुर्बीण सिद्ध केली. मोठे आतडे वेडेवाकडे असल्यामुळे तेथपर्यंत पोचण्यास आणखी काही वर्षे लागली. १९६९ मध्ये न्यू यॉर्कच्या बेथ इझ्राएल रुग्णालयात विल्यम वुल्फ व हिरोमी शिन्या यांनी कोलोनोस्कोपच्या साहाय्याने, तारेचा फास टाकून व विद्युतप्रवाहाने देठ जाळून, पोट न उघडता पॉलिप काढण्यास प्रारंभ केला.

काढण्याचा धोका इतका कमी झाल्यावर १९५८ मधील मुख्य आक्षेपाचे बळ ओसरले. परंतु त्याबरोबरच एक नवी अडचण निर्माण झाली. दिसलेला प्रत्येक पॉलिप आता काढला जाऊ लागला आणि न काढलेल्या पॉलिपाचे काय होते हे पाहण्याची संधी कायमची संपुष्टात आली. या दृष्टीने मेयो क्लिनिकमधील स्ट्रायकर व सहकाऱ्यांचा १९८७ मधील अभ्यास अनन्यसाधारण ठरतो. कोलोनोस्कोपीपूर्व काळात एक सेंटिमीटर वा त्याहून मोठा पॉलिप क्ष-किरण तपासणीत दिसूनही तो न काढता केवळ देखरेखीखाली ठेवलेल्या २२६ रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या. पॉलिपाच्याच जागी कर्करोग होण्याची एकत्रित शक्यता ५ वर्षांत २.५ टक्के, १० वर्षांत ८ टक्के आणि २० वर्षांत २४ टक्के आढळली. म्हणजे मोठ्या पॉलिपाच्या बाबतीतही वीस वर्षांनंतर चारांपैकी सुमारे तिघांत त्या जागी कर्करोग झाला नव्हता. पण चौथ्यात तो झाला होता. या संथ गतीतच प्रतिबंधाची संधी दडलेली होती.

६. जनुकीय उलगडा

सेंट मार्क्सच्या नोंदवहीचे खरे मोल तिच्या आरंभानंतर सहा दशकांनी उमगले. १९८६ मध्ये हेरेरा व सहकाऱ्यांनी पॉलिपविकार असलेल्या एका रुग्णाच्या पाचव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असल्याचे दाखविले. त्या धाग्यावरून वॉल्टर बॉडमर यांच्या गटाने कुटुंबांचा अभ्यास करून १९८७ मध्ये दोषाचे स्थान त्याच गुणसूत्रावर निश्चित केले. या शोधनिबंधाच्या लेखकांत बसी यांचे नाव आहे. सतराव्या वर्षी वंशवृक्ष लिहिण्यास बसलेल्या सहायकाच्या नोंदी जनुकशास्त्राच्या उपयोगी पडल्या, ही घटना अभिलेख जपण्याचे महत्त्व सांगण्यास पुरेशी आहे. १९९१ मध्ये 'एपीसी' हे जनुक ओळखण्यात आले. त्यात जॉन्स हॉपकिन्सचे बर्ट फोगेलस्टाइन व केनेथ किंझ्लर, जपानचे युसुके नाकामुरा आणि यूटाचे रे व्हाइट यांच्या गटांचा वाटा होता.

त्याआधी १९८८ मध्ये फोगेलस्टाइन यांच्या गटाने लहान ॲडेनोमा, मोठे ॲडेनोमा व कर्करोग यांतील जनुकीय बदलांची तुलना केली होती. १९९० मध्ये फिअरन व फोगेलस्टाइन यांनी त्यावर आधारित प्रारूप मांडले. एका बदलाने कर्करोग होत नाही. अनेक बदल एकापाठोपाठ साचत जावे लागतात आणि पॉलिप ही त्या प्रवासातील दृश्य पायरी आहे, असे त्याचे सार होते. 'एपीसी'तील बिघाड केवळ आनुवंशिक विकारातच नव्हे, तर सर्वसामान्य रुग्णांच्या बहुसंख्य ॲडेनोमांतही आढळला. कौटुंबिक विकारावरून सामान्य पॉलिपाविषयी अनुमान काढता येईल काय, या जुन्या आक्षेपास हे निर्णायक उत्तर होते.

७. सिद्धांताची दुरुस्ती

सिद्धांत प्रस्थापित झाला, तरी तो पूर्ण नव्हता. दाताळ कडांचे दिसणारे 'हायपरप्लास्टिक' पॉलिप निरुपद्रवी समजून दीर्घकाळ बाजूला ठेवले गेले होते. १९९० मध्ये लाँगेकर व फेनोग्लिओ-प्राइझर यांनी, आणि १९९६ मध्ये तोर्लाकोविच व स्नोव्हर यांनी, त्यांतील काही प्रकार वेगळे असल्याचे दाखविले. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातील सपाट, दाताळ पॉलिपांतून वेगळ्या जनुकीय मार्गाने कर्करोग उद्भवू शकतो, हे त्यानंतर स्पष्ट झाले. मुतो यांनीच १९८५ मध्ये सपाट ॲडेनोमांचे वर्णन केले होते. 'पॉलिप म्हणजे उंचवटा' ही शब्दातच रुतलेली समजूत त्यामुळे सोडावी लागली.

हेन्री लिंच यांनी १९६६ पासून अभ्यासलेल्या कुटुंबांतून तिसरी गोष्ट पुढे आली. या कुटुंबांत पॉलिपांची संख्या थोडी असूनही कर्करोग कमी वयात व वारंवार होतो, कारण तेथे पॉलिपापासून कर्करोगापर्यंतचा प्रवासच वेगाने होतो. म्हणजे पॉलिपांची संख्या आणि त्यांचा वेग या दोन वेगळ्या बाबी आहेत.

८. प्रतिबंधाचे मोजमाप

पॉलिप काढल्याने कर्करोग टळतो काय, याचा प्रारंभीचा पुरावा मिनेसोटा विद्यापीठातील व्हिक्टर गिल्बर्टसन यांनी १९७४ मध्ये दिला. सुमारे पंचवीस वर्षे नियमित तपासणी करून पॉलिप काढलेल्या लोकांत गुदाशयाचा कर्करोग अपेक्षेपेक्षा सुमारे ८५ टक्के कमी आढळला. या अभ्यासात तुलनेसाठी स्वतंत्र गट मात्र नव्हता. १९९३ मध्ये सिडनी विनावर व सहकाऱ्यांच्या अमेरिकी 'राष्ट्रीय पॉलिप अभ्यासा'त ॲडेनोमा काढलेल्या १,४१८ रुग्णांत कर्करोगाचे प्रमाण तुलनेच्या तीन गटांवरून अपेक्षित प्रमाणापेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी दिसले. २०१२ मध्ये याच अभ्यासाच्या दीर्घ पाठपुराव्यात मृत्यूचे प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी असल्याचे नोंदविले गेले.

यादृच्छिक चाचण्यांतून मिळालेले आकडे अधिक संयत आहेत. ब्रिटनमधील सुमारे १ लाख ७० हजार लोकांच्या चाचणीचा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच लवचीक दुर्बिणीने आतड्याच्या खालच्या भागाची तपासणी करण्याचे ठरविलेल्या गटात कर्करोग २३ टक्क्यांनी व त्यामुळे होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर युरोपातील चाचणीत कोलोनोस्कोपीसाठी बोलावलेल्या गटात दहा वर्षांतील कर्करोगाचा धोका १.२० टक्क्यांवरून ०.९८ टक्क्यांवर आला; मृत्यूतील फरक मात्र संख्याशास्त्रीय दृष्ट्या सिद्ध झाला नाही. बोलावलेल्यांपैकी ४२ टक्के लोकांनीच तपासणी करून घेतली, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. सिद्धांत खरा असणे आणि त्यावर आधारलेला कार्यक्रम समाजात यशस्वी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

९. भारतीय संदर्भ

या इतिहासाचा बराचसा भाग पाश्चात्त्य देशांत घडला, कारण मोठ्या आतड्याचा कर्करोग तेथे सर्रास आढळत होता. भारतात त्याचे प्रमाण कमी असल्याचे १९६३ मध्ये सुरू झालेल्या मुंबई कर्करोग नोंदणीतून दिसून आले. ही देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी होय. १९६७ मध्ये रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील एस. एल. मल्होत्रा यांनी भारतातील पचनमार्गाच्या कर्करोगांच्या भौगोलिक वाटणीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि प्रादेशिक फरकांचा संबंध आहाराशी जोडला. १९७१ मध्ये डेनिस बर्किट यांनी आफ्रिकेतील अनुभवावरून चोथायुक्त आहाराचा विचार जगापुढे मांडला. त्याची कसोटी पॉलिपांवरच घेण्यात आली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत कमी स्निग्ध व अधिक चोथ्याचा आहार चार वर्षे घेऊनही ॲडेनोमा पुन्हा उगवण्याचे प्रमाण घटले नाही. चार वर्षांचा काळ या संथ प्रक्रियेच्या मानाने अपुरा होता, असा युक्तिवाद त्यावर करता येतो. परंतु केवळ आहाराच्या भरवशावर राहणे पुरेसे नाही, एवढे निश्चित.

भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुख या कर्करोगांच्या चाळणी तपासणीचा समावेश आहे. मोठ्या आतड्याचा नाही. रोगाचे प्रमाण कमी असताना सरसकट कोलोनोस्कोपी करणे व्यवहार्य नाही, हेही खरे. मात्र शौचावाटे रक्त गेले की ते मूळव्याधीचे समजून घरगुती उपायांवर काळ घालविण्याची प्रवृत्ती आपल्या समाजात रूढ आहे. पॉलिप व कर्करोग यांतूनही असाच रक्तस्राव होऊ शकतो. तसेच आजारपणाचा कौटुंबिक इतिहास विचारण्याची व सांगण्याची सवय क्षीण आहे; विशेषतः मुलामुलींची लग्ने ठरावयाची असतात अशा घरांत असा इतिहास झाकला जाण्याची शक्यता असते. सेंट मार्क्सचा अनुभव येथे उद्बोधक ठरतो. त्या कार्याचा आरंभ दुर्बिणीने नव्हे, तर वहीने झाला होता. आईवडील, भावंडे वा मुले यांपैकी कोणास कमी वयात आतड्याचा कर्करोग झाला आहे काय, हा प्रश्न विचारण्यास खर्च येत नाही; आणि ज्यांना तपासणीची खरोखर गरज आहे ते त्यातूनच सापडतात.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पॉलिप व कर्करोग यांचा संबंध कोणत्याही एका प्रयोगाने सिद्ध झालेला नाही. वंशवृक्ष, काढलेले नमुने, न काढलेल्या पॉलिपांच्या जुन्या नोंदी, जनुकीय बदल आणि लोकसंख्येवरील चाचण्या या पाच स्वतंत्र मार्गांनी मिळालेली साक्ष एकाच दिशेने जाते, म्हणून तो मान्य झाला आहे. या मान्यतेत विरोधकांचाही वाटा आहे. त्यांच्या आक्षेपांमुळे व्याख्या नेमक्या झाल्या आणि धोक्याचे श्रेणीकरण झाले.

दुसरे असे की, पॉलिप आढळणे म्हणजे कर्करोग होणे नव्हे आणि पॉलिप क्षुल्लक समजून दुर्लक्षिणेही योग्य नव्हे. त्याचा प्रकार, आकार, संख्या आणि रुग्णाचा कौटुंबिक इतिहास यांवरून धोका ठरतो. तो काढल्यानंतर विकृतिशास्त्रीय अहवाल पाहून पुढील तपासणीचा काळ निश्चित करणे आवश्यक असते. सामान्य ॲडेनोमापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ चालतो. एवढी दीर्घ पूर्वसूचना देणारे कर्करोग थोडेच आहेत. या सूचनेचा उपयोग करून घेण्याची साधने आज उपलब्ध आहेत. ती कोणासाठी, केव्हा व किती वापरावीत, हा विवेक मात्र प्रत्येक समाजाने आपल्या नोंदींच्या आधारे करावयाचा आहे.